पोस्टाचा वाढदिवस : पार्किंगमधल्या एका प्रकल्पाच्या नोंदी

शनिवार, १७ जानेवारी

लेक ८ फेब्रुवारीला पाच वर्षांची होतेय. रविवार आलाय, त्यामुळे कुणाची शाळा-ऑफिस आड येणार नाही.

डेकोरेशनवाल्याचं कोटेशन आलं. कार्टूनची थीम, मागे छापील पडदा, फुग्यांची कमान, टेबलावर कटआउट, सगळं मिळून बारा हजार. खाणं वेगळं, केक वेगळा, रिटर्न गिफ्ट वेगळं. नवऱ्याने आकडा वाचला आणि मोबाइल पालथा घालून ठेवला. माझा आक्षेप पैशाला आहेच, पण त्या कमानीपुढे मुलांना करायला काहीच नसतं हा मोठा आक्षेप. फोटोपुरतं उभं राहायचं आणि अर्ध्या तासाने फुगे फोडायचे. हौस मोठ्यांची, बिल मात्र पोरांच्या नावावर फाडायचं.

तर ठरलं ते असं. खर्च २,५०० रुपयांच्या आत. मुलं १४, साडेतीन ते सहा वर्षांची. वेळ साडेचार ते साडेसहा. या वयाला दोन तास रगड होतात, त्यानंतर रडारडच. जागा नाशिकच्या हिरावाडीतलं आमच्याच अपार्टमेंटचं पार्किंग, दुचाक्या बाहेर लावून. चेअरमनसाहेबांना सांगून झालं.

रविवार, १८ जानेवारी

थीमची बैठक चहावर. सासूबाई म्हणाल्या गोकुळ करा, दिराचं मत क्रिकेट. मी द्राक्षमळा सुचवला होता, पण विचार केल्यावर मीच बाद केला. सगळं नुसतं टांगायचं आणि मुलांनी खालून बघायचं, म्हणजे कमानीचाच दुसरा अवतार. लेकीला विचारलं तर ती म्हणाली, "शिक्के मारायचे." आजोबांबरोबर बँकेत गेल्यापासून तिला काउंटरवरच्या त्या धाडधाड आवाजाचं वेड लागलंय.

मग पोस्ट ऑफिस ठरायला वेळ लागला नाही. चिकटवायचं, शिक्का मारायचा, पेटीत टाकायचं, वाटायला पळायचं. पाच वर्षांच्या मुलाला यातलं सगळं जमतं आणि लागतो तो फक्त कागद.

शिवाय नाशिकच्या पोरांसाठी हे काही परकं नाही. आपल्या देशाची पोस्टाची तिकिटं आधी लंडनहून छापून यायची. १९२५ साली नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस सुरू झाली आणि १९२६ पासून तिकिटं इथे छापायला लागली. दुसऱ्या मजल्यावरचे काका त्याच प्रेसमधून रिटायर झालेत. संध्याकाळी त्यांना पकडलं. आधी म्हणाले, "प्रेसमधलं प्रेसमध्ये." मग दहा मिनिटांनी स्वतःच तिकिटांचा जुना अल्बम घेऊन खाली आले.

बुधवार, २१ जानेवारी

आमंत्रणं पोस्टकार्डावरच. पोस्टकार्ड अजून पन्नास पैशांना मिळतं, हे बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांना खरं वाटत नाही. जवळच्या पोस्टात थोडीच शिल्लक होती, बाकीची मोठ्या पोस्टातून आणली. ४० कार्डं, २० रुपये. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "स्पर्धा आहे का?" स्पर्धेच्या उत्तरांसाठी दहा रुपयांचं वेगळं कार्ड असतं, म्हणून चौकशी. वाढदिवस म्हटल्यावर हसल्या आणि गठ्ठ्यातली कोपरे न दुमडलेली कार्डं काढून दिली.

पोस्टाची "माय स्टॅम्प" म्हणून एक योजना आहे, त्यात आपल्या फोटोसह खरी तिकिटं छापून मिळतात. दिराने फार आग्रह धरला. बारा तिकिटांच्या एका शीटला ३०० रुपये. आजी-आजोबांच्या पंच्याहत्तरीला करू म्हटलं.

मजकूर चारच ओळींचा, लेकीने काढलेली लाल पेटी आणि खाली तिची वाकडी सही. एका महत्त्वाच्या ओळीखाली रेघ मारली : "भेटवस्तू नको. येताना आजी-आजोबांचा पूर्ण पत्ता पिनकोडसकट लिहून आणा."

कार्डं आजच पेटीत टाकली. सव्वीस जानेवारीला टपाल बंद, त्याच्या आदल्याच दिवशी रविवार, तेवढे दिवस धरावे लागतात.

गुरुवार, २२ जानेवारी

सगळ्या आयांना मेसेज : कुणाला दूध, शेंगदाणे, गहू यातलं काही चालत नाही का? दोघांचं उत्तर आलं, एकाला शेंगदाणे अजिबात नाहीत. मग मुलांच्या खाण्यात शेंगदाणा कुठेच नाही. तसाही अख्खा दाणा चार वर्षांच्या आतल्या पोराला देऊ नये, घशात अडकतो.

शनिवार, २४ जानेवारी

पेटी तयार.

शालिमारच्या एका दुकानदाराने वॉशिंग मशीनचं आणि मिक्सरचं अशी दोन खोकी फुकट दिली. मोठं खोकं म्हणजे काउंटर. समोरून चौकोनी खिडकी कापली, वर "पोस्ट ऑफिस, हिरावाडी" असं रंगवलं. छोट्या खोक्यावर आणखी एक खोकं चढवून लाल पेटी केली. टपालपेटीचा तळ काळा असतो, तो काळ्या कार्डशीटचा, वरचं सगळं अंग लाल घोटीव कागदाचं.

पत्र टाकायची फट किती उंचीवर ठेवायची यावर नवरा आणि दीर यांची बराच वेळ चर्चा. शेवटी लेकीला उभं करून तिच्या छातीशी खूण केली. जमिनीपासून अंदाजे पाऊण मीटर. साडेतीन वर्षांचं पोरही टाच न उचलता टाकू शकेल. तळात दोन विटा, नाहीतर पहिल्याच धक्क्याला पेटी आडवी. मागच्या बाजूला उघडझाप करणारं दार. हे दार करायलाच हवं असं नवऱ्याचं म्हणणं होतं, मला वाटलं पुठ्ठा नुसता सुटा ठेवला तरी चालेल. दार झालं ते बरं झालं, ते पुढे येईलच.

चिकटवायला कणकेची खळ. संक्रांतीचा पतंगी कागद उरला होता, त्याच्या पताका. लग्नपत्रिकांची जुनी पाकिटं सासूबाईंनी कुठून कुठून बाहेर काढली, तीही दोरीला लावली. सजावट संपली.

सोमवार, २६ जानेवारी

झेंडावंदन करून आलो आणि तिकिटांना बसलो. आजचा दिवस या सगळ्या प्रकल्पातला मला सगळ्यात आवडलेला, म्हणून सविस्तर लिहिते.

एका कागदावर वीस चौकोन आखले. चित्रं मी काढली : द्राक्षाचा घड, कांदा, रेल्वेचं इंजिन, रामकुंडाच्या पायऱ्या, मोर. त्याच्या झेरॉक्स काढल्या, म्हणजे मुलं रंगवूही शकतील. प्रेसमधल्या काकांना दाखवलं. चष्मा कपाळावर ढकलून बघितलं आणि म्हणाले, "देशाचं नाव कुठंय? किंमत कुठंय? हे तिकीट नाही, चित्र आहे." मग प्रत्येकावर "भारत" लिहिलं आणि किंमत घातली "१ पापा". काकांनी मंजुरी दिली.

आता कडेची भोकं. भोकांशिवाय तिकिटाला मजा नाही, फाडायचा तो चर्र आवाज हवाच. शिवणयंत्राचा दोरा काढून टाकला, वरचाही आणि बॉबिनही. टाका सगळ्यात मोठा ठेवला, सुई जुनीच लावली, कारण कागदाने सुईची धार जाते. मग आखलेल्या रेघांवरून मशीन चालवत न्यायचं. एका वेळी दोनच कागद, त्याहून जास्त घेतले की भोकं खालच्या कागदावर नीट उमटत नाहीत. घडी घालून ओढलं की तिकीट अगदी खऱ्यासारखं सुटतं. लेकीने पहिली दोन शीटं नुसतीच फाडून संपवली.

मागचा डिंक खायचाच, लाडवात घालतात तो. दोन चमचे डिंक अर्धी वाटी पाण्यात रात्री भिजवला, सकाळी फडक्यातून गाळला, चिमूटभर साखर घातली. रुंद ब्रशने पातळ हात, आणि सावलीत वाळवायचं. वाळताना सगळे कागद पापडासारखे वळले, म्हणून थोडा दमटपणा असतानाच जाड पुस्तकांखाली दाबले. भोकं डिंक वाळल्यानंतर पाडायची, आधी पाडली तर त्यात डिंक भरतो. जिभेने चाटून लावणं मुलांना शिकवायचं नाही, प्रत्येक टेबलावर बशीत ओला स्पंज.

बुधवार, २८ जानेवारी

आमंत्रणं पोचल्याचे फोटो यायला लागले. सातपूरला राहणाऱ्या मैत्रिणीचा मुलगा कार्ड उशाशी घेऊन झोपला म्हणे. त्याच्या नावाने आलेलं आयुष्यातलं पहिलं पत्र. एक कार्ड मात्र वॉचमनच्या टेबलावर पडून होतं, ते कुटुंब बिल्डिंग सोडून गेलंय. त्यांना फोनवर बोलावलं.

पत्ते मागितले त्याची गंमत वेगळीच. बऱ्याच आयाबापांना स्वतःच्या आईवडिलांचा पत्ता लिहिता येईना. कुणी मोबाइलवर लोकेशन पाठवलं, कुणी "देवी मंदिरासमोर, सगळे ओळखतात". पोस्टमन ओळखेलही, पण पिनकोड लागेलच. सहा आकड्यांची ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासूनची. पहिला आकडा विभागाचा, म्हणून आपल्याकडचा प्रत्येक पिन चारने सुरू होतो. एका बाबांनी आजोळ सांगलीचं देऊन पिन पाचने सुरू होणारा लिहिला होता, तो तिथेच पकडता आला.

शनिवार, ३१ जानेवारी

शिक्क्यांची चाचणी. बटाटा मधोमध सरळ कापला, वाटीने गोल खूण केली आणि कडेचा भाग अर्धा सेंटीमीटर कोरून काढला. मध्ये "ना". अक्षर आरशात दिसतं तसं उलटं कोरायचं. ट्रेसिंग पेपरवर लिहून कागद उलटा ठेवला की डोकं चालवावं लागत नाही. कापलेला बटाटा फडक्याने कोरडा टिपायचा, कारण सुटलेल्या पाण्यावर रंग टिकत नाही, ठसा फिसकटतो. दुसरा शिक्का भेंडीचा, देठाकडचा भाग कापून. त्याला कोरायचं काहीच नाही, पाच पाकळ्यांचं फूल आपसूक उमटतं. मुठीत धरायला लहानांना भेंडीच सोपी.

शाईचा पॅड नको, ती शाई कपड्यावरून जात नाही. स्पंजवर पोस्टर कलर, काळा आणि जांभळा.

बुधवार, ४ फेब्रुवारी

गंगेवरचा, म्हणजे गोदाकाठचा, बुधवारचा बाजार. बटाटे, भेंडी (दोन्ही वापरांसाठी), मटार, कोथिंबीर, लिंबं. द्राक्षं शनिवारी घेऊ, मखमलाबादकडून येणारा हातगाडीवाला ठरलेला आहे. मेनरोडला खाकी कागद आणि खडूंची पाकिटं.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

खाकी कागदाच्या १४ झोळ्या शिवल्या, खांद्यावर अडकवायच्या. हीच पोस्टमनच्या टोपीसोबत मुलांनी घालायची आणि हीच रिटर्न गिफ्टची पिशवी. त्यात खडू, तिकिटांची एक पट्टी आणि दोन कोरी पोस्टकार्डं. हाताळून दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जाईल असं प्लास्टिक त्यात काही नाही.

खेळ दोनच ठेवलेत. तिसरा असला की आया घाई करायला लागतात.

पहिला, टपाल वाटणी. बुटांची तीन खोकी : पंचवटी ४२२००३, सातपूर ४२२००७, नाशिकरोड ४२२१०१. वाचता न येणाऱ्यांसाठी प्रत्येकावर चित्र. पंचवटीला देऊळ, सातपूरला कारखान्याची चिमणी, नाशिकरोडला इंजिन. पाकिटांवरही तीच चित्रं.

दुसरा, हरकारा. पूर्वी टपाल घेऊन पळणारे हरकारे हातात घुंगरू लावलेली काठी नेत, त्या आवाजाने रानातली जनावरं बाजूला होत. आपल्याकडे काठीऐवजी वर्तमानपत्राची गुंडाळी आणि तिला चार घुंगरं. खडूच्या रेघेवरून पळायचं आणि पुढच्याच्या हातात द्यायचं. जिंकणं-हरणं ठेवलेलं नाही. या वयात हरणारा अर्धा तास रडतो आणि जिंकणाऱ्यालाही आपण काय केलं ते कळत नाही.

शनिवार, ७ फेब्रुवारी

रव्याचा केक कुकरमध्ये. रिंग आणि शिट्टी काढून, तळाला मीठ, वर जाळी. कुकरमध्ये केक गोलच होणार, मग तो पोस्टाचा शिक्का. कडेला चॉकलेटने दोन गोल, मध्ये "नाशिक ८ फेब्रु". बेकरीचा अर्ध्या किलोचा केकही यापेक्षा महाग पडला असता आणि त्यावर मोराच्या रंगाचं क्रीम असतं.

खाण्यात मुख्य पदार्थ पाकीट पराठा. पोळी लाटून मध्ये बटाटा-मटाराची भाजी, चारही बाजू आत दुमडून भाजायचा. पाकीटच होतं ते. वर सॉसचा एक ठिपका म्हणजे लाखेची मोहोर. भाजी आज रात्री, पराठे उद्या सासूबाई आणि जाऊबाई मिळून. मोठ्यांना चिवडा आणि चहा.

रविवार, ८ फेब्रुवारी

सकाळी औक्षण घरातच उरकलं, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी, सगळं साग्रसंगीत. त्यामुळे संध्याकाळी त्यात वेळ गेला नाही.

साडेचार म्हटलं की पाच वाजतात हे धरूनच पहिलं अर्धं काम सुटं ठेवलं होतं. येईल त्याने टोपी घालायची, झोळी अडकवायची आणि चटईवर बसून आजीसाठी पोस्टकार्डावर चित्र काढायचं. उशिरा येणाऱ्यासाठी कुणी थांबून राहत नाही. कार्डाच्या पत्त्याच्या बाजूला आईबाबांनी पत्ता लिहायचा. घरची तिकिटं चित्राच्याच बाजूला लावायची, कारण पत्त्याच्या बाजूला खरं तिकीट छापलेलंच असतं आणि ती बाजू पोस्टासाठी मोकळी हवी.

काउंटरवर लेक. समोर रांग. खिडकीतून कार्ड आत, भेंडीचा शिक्का धप्प, कार्ड बाहेर. थोड्या वेळाने सगळ्यांना काउंटरच्या आत जायचं होतं, मग पाळ्या लावल्या. कार्डं संपली तरी शिक्के थांबेनात. पाकिटं, हात, पार्किंगचा खांब, दिराच्या पांढऱ्या शर्टाची पाठ. रंग पाण्याने जातो हे त्याला मी दोनदा सांगितलं.

मग पेटी. एका चार वर्षांच्या मुलाने कार्ड फटीत टाकलं आणि ते दिसेनासं झाल्याबरोबर भोकाड पसरलं. त्याचं मोराचं चित्र गेलं होतं. नवऱ्याने मागचं दार उघडलं. मुलाने आत डोकं घातलं, आपलं कार्ड ओळखलं, हातात घेतलं, पुढे आला आणि स्वतःच पुन्हा टाकलं. पुन्हा मागे धावला. आहे! त्यानंतर प्रत्येकालाच टाकून मागून बघायचं होतं. केक कापायची वेळ झाली तरी पेटीभोवतीची ती प्रदक्षिणा सुटत नव्हती. ठरवलेल्या दोन्ही खेळांपेक्षा हाच खेळ जास्त चालला.

वाटणीचा खेळ मोठ्या मुलांना आवडला, धाकट्यांनी सगळी पाकिटं इंजिनाच्या खोक्यात टाकली. हरकारा मात्र सगळ्यांचा. घुंगरांचा आवाज ऐकून पहिल्या मजल्यावरचे आजोबाही गॅलरीत आले.

प्रेसमधल्या काकांना पाच मिनिटं दिली होती. त्यांनी भिंग आणि तिरंग्याचं ते तिकीट आणलं होतं, साडेतीन आण्यांचं, "जय हिंद" लिहिलेलं. २१ नोव्हेंबर १९४७ ला निघालेलं स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट, छपाई नाशिकची. प्रत्येकाला भिंगातून बघू दिलं. एकाने विचारलं, "तुम्ही पैसे पण छापता?" काका म्हणाले, "ती शेजारची प्रेस." मुलांपेक्षा बाबालोक जास्त वेळ रेंगाळले. त्यांना काकांनी आपली जुनी तक्रारही ऐकवली, १९४८ चं गांधीजींचं तिकीट स्वित्झर्लंडला छापलं ही. ते आमच्याकडेच व्हायला हवं होतं, असं ते म्हणतात तेव्हा कालच घडल्यासारखे चिडतात.

शेवटी मामा सायकलवरून घंटी वाजवत आला, खाकी शर्टात. त्याने पेटी उघडून टपाल थैलीत भरलं आणि सगळी वरात कोपऱ्यावरच्या खऱ्या लाल पेटीपर्यंत गेली. रस्ता ओलांडायचा नव्हता, म्हणूनच हा बेत केला होता. प्रत्येकाने आपलं कार्ड स्वतः टाकलं. मोरवाल्याने या पेटीला मागून दार आहे का ते तपासलं, नाही म्हटल्यावर जरा विचारात पडला, पण टाकलं.

द्राक्षं लहानांना उभी चिरून दिली, एकाचे चार भाग. चिरायला वेळ फार जातो, पण पाच वर्षांच्या आत अख्खं द्राक्ष नको म्हणजे नको. पराठे संपले. केकचा एक तुकडा उरला.

सोमवार, ९ फेब्रुवारी

हिशोब. पोस्टकार्डं २०. कागद, कार्डशीट, रंग, डिंक, झेरॉक्स ३६०. खाकी कागद ६०. खडू १४०. घुंगरं ४०. पराठ्याचं सामान ५२०. द्राक्षं १६०. केक २८०. सरबत ८०. चिवडा आणि चहा ४७०. बेरीज २,१३०. उरलेल्या ३७० रुपयांचं काय करायचं यावर लेकीचं म्हणणं, "अजून पोस्टकार्डं."

वेळेचा हिशोब मात्र पैशाइतका स्वस्त नाही, हे कुणी विचारलं तर सांगेन. तिकिटं आणि पेटी यातच बऱ्याच संध्याकाळी गेल्या. ज्यांच्याकडे शिवणयंत्र नाही त्यांनी भोकांचा नाद सोडावा, नागमोडी कात्रीने कापलेलं तिकीटही चालतं.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

निफाडच्या आजींचा फोन मैत्रिणीला, कार्ड मिळालं. चित्र कशाचं आहे ते त्यांना कळलं नाही, पण "१ पापा" वाचता आलं. सांगलीचं अजून पोचायचंय. बाकीच्यांनी विचारलं तर मी सांगतेय, आठवडा धरा.

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचा मुलगा मार्चमध्ये चार वर्षांचा होतोय. पेटी आणि काउंटर आज त्यांच्याकडे गेलं. फटीची वरची कड हात लागून फाटलीय, तिथे आतून कापडी पट्टी लावायला सांगितलं. विटा मात्र परत हव्यात, त्या चेअरमनसाहेबांच्या कुंडीखालच्या आहेत.